दिवसभराची वाट : पुण्याभोवतीचा विसरलेला मुलूख

पुण्याहून मुंबईकडे निघालेले वाहन द्रुतगती मार्गाला लागले की अडीच-तीन तासांत मुंबईच्या वेशीवर पोहोचते. २००२ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला आणि दोन महानगरांमधील अंतर वेळेच्या हिशेबात निम्म्यावर आले. मात्र या वेगात मधला मुलूख नजरेआड झाला. वडगाव, कामशेत, कार्ले ही नावे आता हिरव्या पाटीवर वाचून मागे टाकण्यापुरती उरली आहेत. सातारा, सोलापूर, नाशिक आणि नगरकडे जाणाऱ्या रस्त्यांचीही हीच गत झाली आहे. सुट्टीत केरळ, राजस्थान किंवा सिंगापूर पाहून आलेल्या कित्येक पुणेकरांनी तीस किलोमीटरवरील सासवडचे संगमेश्वर पाहिलेले नसते.

यावरचा उपाय सोपा आणि कमी खर्चाचा आहे. सकाळी घरून निघावे, हमरस्ता सोडून जुन्या किंवा आडवाटेने सावकाश जावे, दोन-तीन ठिकाणी थांबावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. अशा सफरीत मुक्काम नसतो, आरक्षण नसते आणि कुठे पोहोचण्याची घाईही नसते. ठरवलेले ठिकाण हे निमित्त असते. खरे पाहायचे असते ते वाटेत.

घाटमाथा, मावळ आणि देश

पुणे जिल्ह्याचे भौगोलिक वैशिष्ट्य असे की अवघ्या शंभर किलोमीटरच्या प्रवासात तीन वेगळे प्रदेश लागतात. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा आहे. तेथे वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच्या पूर्वेला डोंगररांगांमधील नद्यांची खोरी, म्हणजे मावळ. त्यापुढे देशावरचा सपाट, पर्जन्यछायेचा प्रदेश. पुणे शहरात सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर बारामती-दौंडच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास येतो. साहजिकच सकाळी ताम्हिणीच्या बाजूने निघालेला प्रवासी भातखाचरे पाहतो आणि दुपारी यवतच्या पुढे पोहोचेपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी, ज्वारी आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दिसू लागतो. घरांची छपरे बदलतात, भाकरीचे पीठ बदलते, बोलण्याचा हेलही बदलतो.

या साऱ्या मुलुखाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा कातळ आहे. येथील लेणी, किल्ले, मंदिरे आणि घाटवाटा याच कातळात घडल्या. त्यामुळे कोणत्याही दिशेला निघाले तरी दगडाशी गाठ पडतेच.

जुना मुंबई रस्ता

पहिल्या सफरीसाठी याहून योग्य रस्ता सापडणे कठीण. बोरघाटातून चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. परंतु या मार्गाचे वय त्याहून फार मोठे आहे. कोकणातील कल्याण, सोपारा या बंदरांतून निघालेला माल दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून याच खोऱ्यातून देशावर येत असे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी त्या व्यापारी मार्गाच्या काठावर खोदली गेली, ती व्यापारी आणि कारागिरांच्या दानावर.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठ्या खोदीव चैत्यगृहांत अग्रगण्य मानले जाते. त्याच्या छताला लावलेल्या मूळच्या सागवानी कमानी आजही जागेवर आहेत. लेण्यातील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत; त्यांत धेनुकाकट येथील यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे रहिवासी आहेत, तसाच दूरच्या वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठीही आहे. लेण्याच्या दारातच एकवीरा देवीचे ठाणे असून कोळी आणि आगरी समाजाची तेथे सतत ये-जा असते. समोरच्या डोंगरात, मळवली स्थानकापलीकडे, भाजे लेणी आहेत. ती कार्ल्याहून जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहेत. तेथील चौदा लहानमोठ्या स्तूपांचा समूह अन्यत्र सहसा पाहायला मिळत नाही.

सुट्टीच्या दिवशी या दोन्ही ठिकाणी गर्दी असते. ती टाळायची असल्यास कामशेतहून पवनेच्या बाजूला वळून बेडसे गाठावे. पायऱ्या चढून गेल्यावर कातळाच्या अरुंद खाचेतून आत जावे लागते आणि समोर एकदम उंच खांब उभे राहतात. त्यांच्या शिरोभागी हत्ती, घोडे आणि बैलांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युग्मे कोरली आहेत. शेजारचा विहार मागील बाजूस अर्धगोलाकार असून त्याचे छतही कमानीसारखे आहे. तिन्ही लेणी एकाच दिवसात उरकण्यापेक्षा एकच लेणे निवडून तेथे दोन तास घालवणे अधिक फलदायी ठरते.

परतताना वडगाव मावळ येथे थांबावे. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना पेशवेपदावर बसवण्यासाठी पुण्याकडे निघालेली इंग्रज फौज तळेगावापर्यंत येऊन पोहोचली. मराठ्यांनी तिची रसद तोडली आणि माघार घेत असताना तिला वडगाव येथे वेढून तह करण्यास भाग पाडले. महादजी शिंदे यांचे नाव या विजयाशी जोडलेले आहे. याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट त्याच्या धाडसामुळे शत्रूपक्षातही वाखाणला गेला आणि मराठी माणसांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिला. जवळच तळेगाव हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव आहे. पतीच्या आणि पुत्राच्या पश्चात घराण्याचा कारभार समर्थपणे सांभाळणाऱ्या उमाबाई दाभाडे याच घराण्यातील.

दिवे घाट आणि कऱ्हेपठार

हडपसरहून सासवडकडे निघाल्यावर घाटाच्या पायथ्याशी वडकी गावाजवळ मस्तानी तलाव लागतो. पुढे दिवे घाटाची नागमोडी चढण. आषाढीच्या वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हा घाट चढते, तेव्हा हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो. घाटमाथ्यावरून डावीकडे सोनोरीकडे वळले तर मल्हारगड दिसतो. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधलेला हा किल्ला मराठ्यांनी नव्याने उभारलेल्या किल्ल्यांपैकी शेवटचा मानला जातो. चढण लहान असल्याने मुलांना आणि ज्येष्ठांनाही तो झेपतो.

सासवड हे गाव एका दिवसात पाहून संपत नाही. संत सोपानदेवांची समाधी येथे आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे वास्तव्य येथे होते आणि १७२० मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावरील संगमेश्वराचे देऊळ, त्याचा घाट आणि दीपमाळा, तसेच थोड्या अंतरावरील चांगावटेश्वर, ही दोन स्थळे सकाळच्या उन्हात पाहावीत. आचार्य अत्रे यांचा जन्म १८९८ मध्ये सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. त्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्राला याच नदीचे नाव आहे. खानवडी हे गाव महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याशी निगडित आहे.

सासवडहून नैर्ऋत्येला नारायणपूर असून तेथील यादवकालीन नारायणेश्वराचे देऊळ शेजारच्या दत्तमंदिरातील गर्दीमुळे अनेकांच्या नजरेतून निसटते. वर पुरंदर किल्ला आहे. १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला आणि १६६५ मध्ये शिवाजी महाराज व मिर्झाराजे जयसिंग यांच्यातील तह त्याच्याच नावाने ओळखला जातो. किल्ल्यावर लष्कराचे ठाणे असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे व ठरवून दिलेल्या वेळा पाळाव्यात.

कमी पावसाच्या या पठाराने अंजीर आणि सीताफळाच्या बागा जोपासल्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात रस्त्याच्या कडेला शेतकरी स्वतः टोपल्या घेऊन बसलेले असतात. तथापि हा मुलूख आज आहे तसा राहीलच असे नाही. तालुक्याच्या पूर्व भागातील पारगाव, कुंभारवळण, वनपुरी, खानवडी आदी सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ प्रस्तावित आहे. २०२५ मध्ये त्यासाठीच्या सर्वेक्षणाला ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. विकासाच्या बाजूने आणि विरोधात मते असू शकतात. परंतु ज्या शहरासाठी हा प्रकल्प व्हायचा आहे, त्या शहरातील लोकांनी ती गावे, त्या बागा आणि ती माणसे एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेली असावीत, ही अपेक्षा रास्तच आहे.

मुळशीचे पाणी

पौड रस्त्याने पश्चिमेकडे गेल्यास पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पावसाळ्यात येथे येणाऱ्यांना धबधबे आणि धुके पुरेसे वाटतात. या पाण्याखाली काय आहे, याचा विचार क्वचितच होतो.

जलविद्युत प्रकल्पासाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधण्यास घेतले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांची भातजमीन बुडणार होती. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यातून. हा लढा यशस्वी झाला नाही. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला, कोकणातील भिरा येथील वीजकेंद्राकडे वळवण्यात आले. धरणग्रस्तांच्या संघटित प्रतिकाराचे हे भारतातील अगदी आरंभीचे उदाहरण होय. पुढे शतकभर देशात ठिकठिकाणी विस्थापनाचा जो प्रश्न गाजला, त्याचे पहिले धडे शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर गिरवले गेले होते.

जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता पुढे ताम्हिणी घाटात शिरतो. २०१३ मध्ये या परिसरातील जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मावळ-मुळशीचा सुवासिक आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. तो गावातील शेतकऱ्याकडून घेतल्यास त्यालाही चार पैसे अधिक मिळतात.

याच दिशेची दुसरी वाट सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे आणि पुढे पानशेतकडे जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ एकोणिसाव्या शतकातील खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहराचा आजचा नकाशा त्या दिवसाने बदलला. पुराच्या आठवणी ऐकलेल्या पिढीने पानशेतचा बांध प्रत्यक्ष पाहणे हा एक वेगळाच अनुभव ठरतो.

थेऊर, भुलेश्वर आणि पळसदेव

पावसाळ्यात घाटमाथ्यावर गर्दी उसळते, तेव्हा सोलापूर रस्ता तुलनेने मोकळा असतो. थेऊर येथे १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे यांचा अखेरचा श्वास थांबला. यवतच्या पुढे उजवीकडे वळून माळशिरसच्या डोंगरावर चढले की भुलेश्वराचे यादवकालीन देऊळ लागते. बाहेरून ते एखाद्या गढीसारखे दिसते; आत गेल्यावर मात्र काळोख्या प्रदक्षिणामार्गात रामायण-महाभारतातील प्रसंग आणि सुरेख स्त्रीमूर्तींच्या रांगा दिसतात. त्यांपैकी बहुतेक भग्न आहेत. स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती हे येथील विशेष. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने या डोंगरावर दौलतमंगळ हा किल्ला बांधला. पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा सरदार तो हाच.

दिवस मोठा असेल आणि पहाटे निघणे शक्य असेल तर शंभर किलोमीटरवरील भिगवण गाठावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी आणि पट्टकादंब हंस उतरतात. स्थानिक मच्छीमार होडीतून पक्षी दाखवतात. पुढे पळसदेव येथे उजनीच्या पाण्यात बुडालेले जुने देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर आणि मग मंडप उघडा पडतो.

नसरापूर, तुळापूर, निघोज

सातारा रस्त्यावर जुन्या कात्रज घाटाने जाणे हा अर्धा आनंद असतो. नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेले बनेश्वर गर्द झाडीत आहे. तेथील घंटा पोर्तुगीजांकडून आलेली आहे. पुढे भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. तेथील राजवाडा अनेकांनी चित्रपटांत न ओळखता पाहिलेला असतो. अंबवडे येथील नागेश्वराचे देऊळ व संस्थानकाळातील झुलता पूल हा या वाटेवरचा शांत विसावा आहे.

नगर रस्त्याने गेल्यास भीमा, भामा आणि इंद्रायणी यांच्या संगमावरील तुळापूर आणि जवळचे वढू बुद्रुक ही १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या बलिदानाने पावन झालेली स्थळे आहेत. शिरूरच्या पुढे, पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांच्या सीमेवर, निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरत राहिल्याने कातळात रांजणासारखे खोल खड्डे पडले आहेत. नाशिक रस्त्यावर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी शायिस्ताखानाच्या फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ येथे रोखून धरले. राजगुरुनगरहून आत वळल्यास चास लागते. हे पहिल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वसामान्यांसाठी खुली केली जाते.

गर्दीचे सावट

निसर्गाच्या ओढीने बाहेर पडणाऱ्यांची संख्या गेल्या दोन दशकांत प्रचंड वाढली, परंतु ती मोजक्या ठिकाणी एकवटली. लोणावळा, सिंहगड आणि मुळशी येथे पावसाळ्यातील रविवारी वाहनांच्या रांगा लागतात. त्यात रुग्णवाहिका अडकते, गावकऱ्यांना स्वतःच्या शेतात जाता येत नाही, सांडपाणी आणि बाटल्यांचा खच मागे राहतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ वाढलेल्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. धोक्याची सूचना देणारे फलक होते किंवा नव्हते, हा वाद प्रत्येक वेळी होतो. परंतु अनोळखी पाण्यात न उतरणे आणि गर्दी दिसताच मागे फिरणे हे शेवटी ज्याच्या त्याच्या हाती असते.

दुसरा धोका तितकासा दिसत नाही. रस्ते चौपदरी होताना दुतर्फा उभे असलेले जुने वड, मैलाचे दगड, धर्मशाळा आणि बारवा नाहीशा होतात. त्यांची नोंद ठेवणारे आणि त्यांच्यासाठी बोलणारे लोक मोजकेच असतात. जे कधी पाहिलेच नाही, ते गेल्याची हळहळ कोणाला वाटणार? संथपणे फिरणारा प्रवासी या अर्थाने आपल्या परिसराचा साक्षीदार ठरतो.

सफर आखताना

- एका दिवसात जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर आणि तीनहून अधिक थांबे ठेवू नयेत. आडरस्त्यावर तासाला सरासरी तीस-पस्तीस किलोमीटर गृहीत धरावेत.
- सकाळी साडेसहापर्यंत शहर सोडावे. रविवारऐवजी आठवड्यातील अन्य दिवस मिळाल्यास उत्तम.
- मोबाइलवरील नकाशा सर्वांत जलद रस्ता सुचवतो. तो जुना रस्ता असेलच असे नाही. हमरस्ते टाळण्याचा पर्याय निवडावा. डोंगरात संपर्क तुटतो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाचा कागदी नकाशा जवळ ठेवावा.
- निघण्यापूर्वी त्या गावाची माहिती वाचावी. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आजही उपयुक्त आहे. त्यात बाजारगावे, घाट आणि देवळांची तपशीलवार वर्णने आहेत.
- आठवडे बाजाराचा दिवस विचारून त्या दिवशी जावे. गावाची ओळख देवळाइतकीच बाजारातही होते.
- ऋतू पाहून दिशा ठरवावी. पावसाळ्यात पूर्वेकडचा मुलूख, हिवाळ्यात पाणथळ जागा आणि हुरडा, उन्हाळ्याच्या तोंडावर करवंदे-जांभळांची मावळातील वाट. घाटरस्ते पावसाळ्यात दरडींमुळे बंद केले जातात. जिल्हा प्रशासनाचे आदेश आधी पाहावेत.
- टायरमधील हवा, स्टेपनी, जॅक आणि ब्रेक तपासावेत. पाणी, सुका खाऊ आणि कचऱ्यासाठी पिशवी सोबत असावी.
- गाडी शेताच्या वाटेवर किंवा बैलगाडीच्या चाकोरीत उभी करू नये. फोटो काढण्यापूर्वी रामराम करून परवानगी घ्यावी. जेवण व भाजी-फळे गावातच घ्यावीत.
- स्वतःचे वाहन नसल्यास अडचण नाही. यांपैकी बहुतेक मोठ्या गावांना एसटीची सोय आहे आणि तेथून पुढचा टप्पा पायी किंवा सहा आसनी रिक्षाने गाठता येतो.

एकाच रस्त्यावर वर्षातून तीनदा जाणे हीदेखील चांगली सवय आहे. जुलैमध्ये चिखलात लावणी चाललेली असते, ऑक्टोबरमध्ये त्याच खाचरांत पिवळी लोंबी डोलते आणि मार्चमध्ये तीच जमीन भेगाळलेली असते. तिसऱ्या फेरीपर्यंत चहाच्या टपरीवरचा माणूस ओळखू लागतो आणि नकाशावर नसलेल्या एखाद्या बारवेची वाट तोच सांगतो.